ऑनलाइन नाणं कसं वाजवून घ्याल?

आपल्या आज्या-पणज्या रुपया हातात आला की आधी तो फरशीवर वाजवून बघायच्या. खणकन वाजला तर कनवटीला, बद्द वाजला तर ज्याचा त्याला परत. आज तुम्ही जुनं नाणं घेता ते मोबाईलच्या काचेतून. ते वाजवता येत नाही, हातात तोलता येत नाही, उलटून कड बघता येत नाही. समोर असतात दोन फोटो, तेही विकणाऱ्याने निवडलेले.

तरीही घराघरात ही खरेदी वाढली आहे. मुलाच्या वाढदिवसाला शिवराई, सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या जन्मसालाचा रुपया, नव्या सुनेच्या पहिल्या मंगळागौरीला व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया. भेट म्हणून कल्पना सुंदर आहे. पण तोच रुपया दहा वर्षांनी एखाद्या सराफाने बाजूला सरकवून ‘हा जर्मन सिल्व्हर आहे’ असं सांगितलं, तर नुसते पैसे जात नाहीत. घरात जपून ठेवलेल्या एका आठवणीला डाग लागतो.

मंगळागौर आपल्यासाठी श्रावणातलं व्रत. काशीत मात्र मंगला गौरी हे एक देवस्थान आणि भोवतालचा मोहल्लाही आहे. तिथल्या गल्ल्यांत, दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि पंचगंगा घाटाच्या आसपास, मराठी कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. नाण्यांच्या खऱ्या-खोट्याची गोष्ट समजून घ्यायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. या शहरात एके काळी टांकसाळ होती, इथल्या विद्यापीठात नाण्यांचा अभ्यास करणारी जुनी संस्था आहे आणि यात्रेकरूंना ‘प्राचीन’ नाणी विकण्याचा धंदाही तीर्थक्षेत्रांत पूर्वीपासून चालत आला आहे. पूर्वी रुद्राक्षाच्या माळांशेजारी ताटात मांडलेलं हे सामान आता फोटो काढून थेट तुमच्या मोबाईलवर येतं.

जे नाणं कधी निघालंच नाही

त्या सामानातली सगळ्यात लोकप्रिय वस्तू तुम्हीही पाहिली असेल. तांब्याचं किंवा पितळेचं जाडसर नाणं, एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि पायाशी मारुती, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८’. कधी सालात १६१६ असतं, कधी १७१७, कधी रामदरबाराऐवजी नुसता मारुती किंवा कमळ. किंमत काहीही, दोनशे रुपयांपासून दोन लाखांपर्यंत.

कंपनी सरकारने असं नाणं कधीच पाडलं नाही. म्हणजे हे खऱ्या नाण्याची नक्कलसुद्धा नाही, कारण नक्कल करायला अस्सल असावं लागतं. कंपनीचा अर्धा आणा बघायचा असेल तर १८३५ चा बघा. एका बाजूला कंपनीचं मानचिन्ह, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेढ्यात मूल्य. त्यावर देव नाहीत. आता कुणी म्हणेल, कंपनीने मद्रासकडे देवांच्या मूर्ती असलेले सोन्याचे पॅगोडा काढले होतेच की. काढले होते, आणि विकणारे नेमका हाच अर्धा खरा धागा पकडून उरलेली गोष्ट विणतात. पण सोन्याचा तो चिमुकला पॅगोडा वेगळा आणि हा तांब्याचा रामदरबार वेगळा.

रामाचं चित्र असलेली देवघरात ठेवायची टोकनं, ज्यांना रामटंका म्हणतात, ती वेगळीच परंपरा आहे. ती पूजेची वस्तू आहे. श्रद्धेने घ्या, देव्हाऱ्यात ठेवा, त्यात काहीच खोटं नाही. खोटेपणा सुरू होतो तो त्याला ‘चलनातलं दुर्मीळ नाणं’ म्हटल्यावर.

गंमत म्हणजे राम आणि सीता असलेलं अगदी अस्सल नाणंही इतिहासात आहे, आणि ते काढलं अकबराने, १६०४-०५ च्या सुमारास. धनुष्य घेतलेला राम, मागे सीता, वर नागरीत ‘राम सीय’. जगात त्याचे नमुने बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि त्यातला चांदीचा एक बनारस हिंदू विद्यापीठातल्या भारत कला भवनात आहे. असं नाणं कुणी तुम्हाला व्हॉट्सॲपवर ‘आजच्या दिवस ऑफर’ म्हणून दाखवत असेल, तर काय समजायचं ते समजा.

याच जातीतलं एक धोकादायक भावंड म्हणजे ‘राइस पुलर’. तांदळाचे दाणे ओढून घेणारं, अंतराळ संशोधनात करोडोंना विकलं जाणारं नाणं! त्यात लोकांनी जमिनी विकून पैसे घातले आहेत. त्यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

अस्सल नाणं ओबडधोबड असू शकतं

आपला डोळा आजच्या नाण्यांना सरावलेला आहे. गोल गरगरीत, अक्षरं पूर्ण, चित्र बरोबर मध्यात. म्हणून नवशिक्या माणसाला जुनं अस्सल नाणं बघून शंका येते आणि नकली बघून विश्वास बसतो. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

बनारसचाच रुपया घ्या. अठराव्या शतकात ही टांकसाळ मुघल बादशहाच्या नावाने रुपये पाडत होती. त्यावर शहराचं नाव यायचं ‘मुहम्मदाबाद बनारस’. कंपनीच्या हाती टांकसाळ गेल्यावरही रुपयावर नाव राहिलं शाहआलमचंच आणि राज्यवर्षाचा सतराचा आकडा तसाच गोठवून ठेवला गेला. वर्षं पुढे सरकली, सतरा हलला नाही. इकडे लखनौला अवधच्या नवाबांनी माशाचं चिन्ह असलेला ‘मछलीदार’ रुपया काढला. त्यावर वर्ष गोठलं सव्वीसवर आणि टांकसाळीचं नाव तर चक्क बनारसचं! वर्ष चुकीचं, गाव चुकीचं, तरी नाणं शंभर टक्के अस्सल. त्यात हे रुपये हातोड्याने पाडलेले. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे निम्मी अक्षरं नाण्याच्या बाहेरच राहतात. वरून सराफांनी चांदी तपासताना मारलेल्या बारीक खुणा. अशा खुणा असलेला रुपया त्या काळच्या पारख्यांच्या हातून गेलेला असतो, म्हणून त्या बघून नाक मुरडू नका.

आपल्या शिवराईचंही तसंच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवाजी महाराजांच्या नंतरही, पेशवाईतसुद्धा, तांब्याची ही नाणी वेगवेगळ्या ठिकाणी पडत राहिली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ, श आणि स ची अदलाबदल, उलटं पडलेलं अक्षर, दोन रेघांची दुदांडी शिवराई, हे सगळं त्यात आलं. एखाद्या मराठीच्या बाईंनी लाल पेनाने गोल केले असते अशा चुका अस्सल शिवराईवर सर्रास सापडतात. उलट, दोन्ही बाजूंची सगळी अक्षरं पूर्ण, ठळक, मधोमध आणि एकाच विक्रेत्याकडे अशा वीस शिवराया एकसारख्या दिसल्या, तर तिथून निघा. हातोड्याने पाडलेली वीस नाणी एकसारखी असूच शकत नाहीत.

सोन्याच्या शिवराई होनबद्दल तर स्पष्ट बोललेलं बरं. राज्याभिषेकाच्या काळातला हा होन वजनाला तीन ग्रॅमच्याही आत. अस्सल होन इतके थोडे सापडले आहेत की संग्रहालयं आणि नावाजलेले लिलाव यांच्याबाहेर तो दिसणं जवळजवळ अशक्य. त्याच्या प्रतिकृती मात्र उघडपणे विकल्या जातात. प्रतिकृती म्हणून विकत असतील तर जरूर घ्या, मुलांना दाखवायला उत्तम. ‘आजोबांच्या पेटीत सापडला, पैशाची निकड आहे म्हणून विकतोय’ असं म्हणणाऱ्याला मात्र शुभेच्छा देऊन मोकळं व्हा.

आधी धातू, मग अक्षरं

मंगला गौरीजवळून पंचगंगा घाटावर उतरलात की वर आलमगीर मशीद दिसते. तिच्या उंच मिनारांची, जे आता उरलेले नाहीत, डागडुजी ज्या इंग्रजाने केली त्याचं नाव जेम्स प्रिन्सेप. १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. पण काशीत तो होता टांकसाळीतला धातुपरीक्षक म्हणून, १८२० ते १८३०, टांकसाळ बंद होईपर्यंत. चांदीत खोट किती हे मोजणं हे त्याचं रोजचं काम. नाण्यावरची न वाचता येणारी अक्षरं त्याने पुढे वाचली, पण त्याआधी कित्येक वर्षं तो नाणी तोलत होता. तुम्हीही तोच क्रम ठेवा.

यासाठी लागतो ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा. काही शे रुपयांत मिळतो. पहिलं नाणं घेण्याआधी तो घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

१८३५ पासून १९३९ पर्यंतच्या ब्रिटिशकालीन रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे बरोबर एक तोळा. (आज सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, त्याच्याशी गल्लत नको.) जुनी माणसं ‘रुपयाभार’ म्हणायची ते हेच वजन. बराच झिजलेला रुपया थोडा कमी भरेल, पण साडेदहा भरला किंवा साडेबारा भरला तर काहीतरी गडबड आहे.

एवढ्यावरून एक हिशेब बसल्या जागी करता येतो. अशा रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवसाचा चांदीचा भाव बघा आणि गुणाकार करा. व्हिक्टोरियाचा ‘ओरिजिनल’ रुपया कुणी २९९ रुपयांना, वर फ्री डिलिव्हरी देऊन विकत असेल, तर त्यातली नुसती चांदीच कितीतरी महाग आहे. कुणी आपल्यावर एवढे उपकार का करेल?

नाणं घरी आल्यावर पुढची परीक्षा पाण्याची. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला पातळ दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल असं सोडा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. चांदीच्या रुपयासाठी काटा १.१३ च्या आसपास दाखवेल आणि भागाकार १०.३ च्या जवळ येईल. १.३ किंवा त्याहून जास्त दाखवला, तर भागाकार नऊच्या खाली जातो. ते पितळ किंवा जर्मन सिल्व्हर, वर चांदीचा मुलामा असला तरी. सातवी-आठवीतल्या मुलांना हे करायला द्या. आर्किमिडीजचा धडा त्यांना पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

लोहचुंबकाची परीक्षा सोपी आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. चांदी, तांबं, सोनं चुंबकाला चिकटत नाही, हे खरं. मात्र १९४७ चा रुपया निकेलचा आहे आणि तो अस्सल असूनही टपकन चिकटतो. पितळेचं नकली नाणं उलट चिकटतच नाही.

आणि जर नकली नाणं खऱ्या चांदीचंच बनवलं असेल तर? असंही होतं, विशेषतः जिथे सालाला किंमत असते. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया फार दुर्मीळ, १९३८ चा त्या मानाने साधा. मग १९३८ मधला शेवटचा आठ कोरून नऊ केला जातो. वजन बरोबर, चांदी बरोबर, पाण्याची परीक्षाही पास. इथे भिंग हवं. १९३९ मध्ये नऊ दोनदा येतो. दोन्ही नऊ शेजारी शेजारी निरखून बघा, वळण वेगळं आहे का, आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली दिसते का. साच्यात ओतून केलेल्या नकलांवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा साबण झिजल्यासारख्या मऊ असतात आणि कडेवर कधीकधी दोन भाग जोडल्याची रेघ असते.

विकणाऱ्याला बोलतं करा

ऑनलाइन खरेदीत नाणं वाजवता येत नसलं तरी विकणाऱ्याला वाजवून बघता येतं. त्याला साधा मेसेज टाका: नाणं काट्यावर ठेवून वजनाचा फोटो पाठवा, आणि कड फिरवून दाखवणारा छोटा व्हिडिओ, सोबत आजची तारीख लिहिलेला कागद. खऱ्या विक्रेत्याला यात नवल वाटत नाही. खोटा माणूस चिडतो, ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणतो किंवा एकदम गोड होऊन किंमत निम्म्यावर आणतो. किंमत निम्म्यावर येणं ही मला तरी सगळ्यात वाईट खूण वाटते.

फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच फोटो तीन वेगळ्या नावांखाली दिसला तर विषय संपला. त्याहून बारकाईने बघायचं तर ओरखडे जुळवा. दोन वेगळ्या नाण्यांवर एकाच जागी, एकाच आकाराचा ओरखडा किंवा खोक दिसली, तर ती दोन्ही एकाच साच्यातून आली आहेत.

एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या संस्थांच्या प्लास्टिकच्या बंद डबीतली नाणी जास्त विश्वासाची मानली जातात, पण डब्यासुद्धा नकली निघतात. डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथला नाण्याचा फोटो तुमच्यासमोरच्या नाण्याशी ताडून बघा. ‘सर्टिफिकेट सोबत मिळेल’ म्हणणाऱ्याने स्वतःच छापलेल्या सर्टिफिकेटला रद्दीचाही भाव नाही.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, परतीची अट आधी लेखी घ्या, पावतीवर ‘जुना कॉइन’ एवढंच न लिहिता राजा, साल आणि धातू लिहून घ्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. अर्थात, कुठल्याशा ग्रुपवर नाव बदलून बसलेला माणूस नियमाचं पुस्तक उघडणार नाही, म्हणून अशा ठिकाणी आगाऊ पैसे पाठवूच नका. नव्या स्मारक नाण्यांसाठी तर मधल्या माणसाची गरजच नाही. सरकारी टांकसाळी ती स्वतः ऑनलाइन विकतात.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला कुरिअरने शिवराई पाठवण्याचा बेत असेल तर तो इथेच थांबवा.

तुमचंच नाणं, तुमचेच पैसे

आता फसवणुकीची उलटी बाजू. ‘वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं आहे? दहा लाख मिळवा!’ अशी जाहिरात घरातल्या ज्येष्ठांच्या मोबाईलवर हमखास येते. ते फोटो पाठवतात, समोरून लगेच सौदा पक्का होतो. मग नोंदणीचे ५०० मागितले जातात, नंतर जीएसटी, मग ‘रिझर्व्ह बँकेचं कमिशन’. शेवटी पैसे जमा करायचे म्हणून क्यूआर कोड येतो. स्कॅन केला की जमा होण्याऐवजी खात्यातून जातात, कारण क्यूआर कोड पैसे देण्यासाठी स्कॅन करतात, घेण्यासाठी नाही.

हा प्रकार इतका वाढला की ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर सूचना काढावी लागली. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, त्यासाठी ती कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही, असं त्यात सांगितलं आहे. वैष्णोदेवीचं ते नाणं खूप मोठ्या संख्येने निघालं होतं. त्याचे पाच रुपये येतात, फार तर थोडे जास्त. आई-बाबांना हे रागावून नाही, शेजारी बसून सांगा. पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प बसू देऊ नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मालाच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

नजर तयार करायची तर अस्सल नाणी भरपूर बघावी लागतात, आणि ते फुकट किंवा नाममात्र खर्चात होतं. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. काशीला गेलात तर दर्शनानंतर अर्धा दिवस बनारस हिंदू विद्यापीठासाठी ठेवा. तिथे भारत कला भवन आहे आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडियाचं कार्यालयही. सुरुवातीला एकच प्रकार धरा, समजा पाचव्या जॉर्जचे रुपये. त्यातही १९११ चा, ज्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून सरकारला तो मागे घ्यावा लागला आणि पुढच्या वर्षी सोंड नीट काढावी लागली. एका प्रकाराची वीस अस्सल नाणी नीट पाहिली की एकविसावं खोटं असेल तर डोळा आपोआप अडखळतो.

त्याआधी घरातलाच डबा उघडा. लक्ष्मीपूजनाच्या ताटात दरवर्षी येणारे रुपये, आजीच्या बटव्यातली शिवराई, सगळं एकदा तोला आणि वहीत लिहून ठेवा: कुणाचं, कोणतं साल, किती वजन. फक्त चिंच किंवा राख लावून घासायला घेऊ नका. चकचकीत केलेल्या जुन्या नाण्याची संग्राहकाच्या लेखी अर्धी किंमत गेलेली असते, आणि तो काळपट थर परत येत नाही.